रॅडबोडने मागे घेतलेला पाय: दंतकथा आणि राजकारण

१/ फ्रिजियनांचा राजा रॅडबोड बाप्तिस्म्याच्या कुंडात एक पाय ठेवतो आणि विचारतो, ‘माझे पूर्वज कुठे आहेत?’ ‘नरकात’ हे उत्तर ऐकताच तो पाय मागे घेतो. या कथेवरून त्याला ‘धर्मवीर’ ठरवले जाते. कथा देखणी आहे. पुरावा म्हणून मात्र ती अत्यंत दुबळी आहे.

२/ ती येते संत वुल्फ्रामच्या चरित्रात. रॅडबोड वारला इ.स. ७१९ मध्ये, चरित्र त्यानंतर अनेक दशकांनी, फ्रँकांच्या प्रदेशातील मठात लिहिले गेले. ज्याला आज वीरवाक्य मानले जाते, ते मुळात विरोधकांनी लिहिलेले आरोपपत्र आहे. फ्रिजियनांची स्वतःची बखर नाही.

३/ आता रॅडबोडच्या आधीचा राजा आल्डगिस्ल पाहा. ६७८ च्या सुमारास इंग्लंडचा बिशप विल्फ्रिड त्याच्या आश्रयाला आला. आल्डगिस्लने त्याला धर्मप्रचाराची मुभा दिली. फ्रँक सत्ताधारी एब्रोइनने विल्फ्रिडच्या बदल्यात सोने देऊ केले, तेव्हा आल्डगिस्लने ते पत्र फाडून आगीत टाकले. लोक तेच, दैवते तीच. मग पुढे वैर का?

४/ कारण विल्फ्रिडमागे सैन्य नव्हते. ६९० च्या दशकात फ्रँकांच्या पेपिनने रॅडबोडचा पराभव करून पश्चिम फ्रिजिया घेतला. ६९५ मध्ये विलिब्रॉर्ड फ्रिजियनांचा आर्चबिशप झाला आणि त्याचे पीठ जिंकलेल्या उट्रेख्टमध्ये स्थापले गेले. आधी तलवार, मागून क्रूस.

५/ ७१४ मध्ये पेपिन वारताच रॅडबोड उठला. त्याने चर्च पाडली, देवस्थाने पुन्हा उभारली, असे बोनिफेसचा चरित्रकार सांगतो. तरीही हे धर्मयुद्ध म्हणता येईल काय? ७१६ मध्ये कोलोनपाशी त्याने चार्ल्स मार्टेलला हरवले, तेव्हा त्याचे मित्र होते न्यूस्ट्रियाचे ख्रिस्ती फ्रँक. त्याची कन्याही पेपिनच्या ख्रिस्ती पुत्राला दिलेली होती.

६/ श्रद्धेला स्थान नव्हते, असे नाही. परंतु त्या भूमीत बाप्तिस्मा म्हणजे फ्रँकांच्या वर्चस्वाचा स्वीकार होता, आणि रॅडबोडचा नकार प्रामुख्याने त्या वर्चस्वाला होता. मठवासीयांनी त्याला हट्टी मूर्तिपूजक ठरवले. त्याचे भक्त तेच चित्र उचलून केवळ निंदेच्या जागी स्तुती लिहितात. चौकट मठाचीच राहते. दंतकथा अवश्य सांगावी, पण दंतकथा म्हणून.