तेलाचा धागा आणि वऱ्हाडचा कापूस

मध्यप्रदेशातील सागर जिल्ह्यात बीना येथे २०११ पासून तेलशुद्धीकरणाचा मोठा कारखाना चालू आहे. समुद्र तेथून शेकडो कोस दूर; कच्चे तेल गुजरातच्या किनाऱ्यावरील वाडिनारहून सुमारे ९३५ किलोमीटर लांबीच्या नळातून येते. या कारखान्यालाच जोडून वर्षाला १२ लाख टन इथिलीन देणाऱ्या पेट्रोकेमिकल संकुलाची कोनशिला १४ सप्टेंबर २०२३ रोजी बसविण्यात आली. अंदाजित खर्च सुमारे ४९ हजार कोटी रुपये. तेव्हा असे संकुल विदर्भातही व्हावे, ही येथील उद्योजकांची मागणी केवळ समुद्र नाही म्हणून मोडीत काढता येणार नाही. मात्र तिला मान डोलावण्यापूर्वी वऱ्हाडातील कार्यकर्त्यांनी तिचा नीट विचार केला पाहिजे.

दोन कारखाने एकत्र बांधण्यामागे व्यवहार आहे. शुद्धीकरणातून निघणारा नाफ्था नळातूनच शेजारच्या भट्टीत जातो, तेथे प्रचंड उष्णतेने त्याचे इथिलीन व प्रोपिलीन होते, आणि उरलेला हायड्रोजन पुन्हा शुद्धीकरणाच्या कामी येतो. वाफ, वीज, साठवण सामाईक. यात बचत मोठी आहे, यात शंका नाही. पण एवढे भांडवल ओतूनही अशा भट्टीवर कायमचे कामगार थोडेच लागतात. खरा रोजगार तिच्या मालापासून पुढे वस्तू बनविणाऱ्या लहान कारखान्यांत असतो. तो आपोआप भोवती उगवत नाही. तसे धोरण आखावे लागते.

मग मालकी कोणाची? कोयाली येथील सरकारी शुद्धीकरण कारखान्याच्या आधाराने बडोद्याला इंडियन पेट्रोकेमिकल्स उभी राहिली ती १९६९ मध्ये स्थापन झालेली सार्वजनिक कंपनी म्हणून. आपल्या रायगड जिल्ह्यातील नागोठण्याचा प्रकल्पही तिचाच. जोखमीची वर्षे जनतेच्या पैशाने निभावली गेली, आणि २००२ मध्ये व्यवस्थापनाच्या ताब्यासह २६ टक्के भाग रिलायन्सच्या हाती गेले. बीनाचा कारखाना ज्या भारत पेट्रोलियमचा, तीही विकण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २०१९ मध्ये घेतला होता. योग्य गिऱ्हाईक न मिळाल्याने मे २०२२ मध्ये तो गुंडाळावा लागला. जी कंपनी सरकारला नकोशी झाली होती, तीच पुढच्या वर्षी एवढी मोठी उभारणी अंगावर घेते, याचा अर्थ काय? सार्वजनिक उद्योग अकार्यक्षम असतात, हे पालुपद आता तरी थांबावे.

वऱ्हाडच्या दृष्टीने याहून जिव्हाळ्याचा प्रश्न कापसाचा आहे. पॉलिएस्टरचा धागाही तेलाच्याच पोटातून निघतो. टेरिकॉटने गरिबाच्या अंगावर टिकाऊ व स्वस्त कापड आणले, हे नाकारण्यात अर्थ नाही. आपले भांडण धाग्याशी नाही, सरकारने तराजूत घातलेल्या पासंगाशी आहे. वस्त्रोद्योगासाठी २०२१ मध्ये १०,६८३ कोटींची उत्पादन-प्रोत्साहन योजना आली. ती मानवनिर्मित धाग्याचे कापड व कपडे आणि तांत्रिक वस्त्रे यांच्यासाठी. कापसाच्या वाट्याला काय आले? ऑगस्ट २०२५ मध्ये ११ टक्के आयातकर उठला आणि नवा हंगाम तोंडावर असताना परदेशी कापसाला दार उघडले गेले. पुढे ही सूट डिसेंबरअखेर वाढविली गेली. नांदगाव पेठेच्या पीएम मित्रा वस्त्रोद्योग उद्यानाचा पायाभरणी समारंभ २० सप्टेंबर २०२४ रोजी झाला. सुमारे एक हजार एकरांच्या या उद्यानात भोवतालच्या शेतांतील कापूस कातला जाणार, की बाहेरून आलेला तेलाचा धागा? त्याचे उत्तर आजच लेखी मागितले पाहिजे.

पाण्याचा धडा तर नांदगाव पेठेने स्वतःच घेतला आहे. २०१३ मध्ये वीज देऊ लागलेल्या तेथील खासगी औष्णिक केंद्रासाठी ऊर्ध्व वर्धा धरणाचे, म्हणजे सिंचनासाठी बांधलेल्या धरणाचे पाणी राखून ठेवण्यात आले. शेतकरी रस्त्यावर उतरले, उच्च न्यायालयात गेले. केंद्र मात्र उभे राहिले. पेट्रोकेमिकल संकुलालाही पाणी मुबलक लागते. सिंचनाचा अनुशेष डोक्यावर असलेल्या प्रदेशाने ते कोणाच्या तोंडचे काढून द्यायचे?

आपण उद्योगाचे विरोधक नाही. वऱ्हाडातला तरुण कामासाठी पुण्या-मुंबईची वाट धरतो, हे दुःख आपलेच आहे. म्हणूनच आपला आग्रह स्पष्ट असावा: संकुल आले तर ते सार्वजनिक मालकीचे असावे, सिंचनाच्या पाण्याला हात लागू नये, त्याचा माल स्थानिक सहकारी व लहान कारखान्यांना रास्त दरात मिळावा आणि जे प्रोत्साहन तेलाच्या धाग्याला, तेच कापसालाही मिळावे. या मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी गावोगावच्या ग्रामसभांत जावे. करार झाल्यावर काढलेल्या मोर्चाला निवेदन स्वीकारणारा अधिकारी भेटतो, पाणी परत मिळत नाही.