पीटर मूरची दोन पत्रं

'रात्री दोन वाजता फीफा खेळणारा मुलगा पुढे काय करणार?' हा आमच्या रेक्टर सरांचा लाडका प्रश्न. (गेमचं नाव आता बदललंय, पण हॉस्टेलवर सगळे फीफाच म्हणतात.) यावर आमचं पाठ केलेलं उत्तर म्हणजे पीटर मूर! माझी शाळा कॉन्व्हेंट, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मूर मूळचा लिव्हरपूलचा, आधी पी.टी.चा मास्तर. अमेरिकेत जाऊन पॅट्रिक आणि रीबॉक या कंपन्यांचे बूट विकले. १९९९ मध्ये सेगा, २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स, २००७ मध्ये फीफा बनवणारी ईए. आणि २०१७ मध्ये थेट लिव्हरपूल फुटबॉल क्लबचा सीईओ! त्याच्या काळात २०१९ ला चॅम्पियन्स लीग आली, २०२० ला तीस वर्षांनी लीगचं विजेतेपद. प्लेसमेंटच्या सीझनमध्ये ही गोष्ट ऐकली की बरं वाटतं. ब्रँच कुठलीही असो, माणूस कुठेही पोचतो.

पण मला वाटतं, आपण चुकीचा धडा घेतोय. कप तर क्लॉप आणि त्याच्या खेळाडूंनी जिंकले. मूरकडून शिकायचं असेल तर त्याची दोन पत्रं बघा.

पहिलं, जुलै २००७. एक्सबॉक्स ३६० मशीन धडाधड बंद पडत होती, पुढे तीन लाल दिवे लागायचे. कंपनी आधी म्हणत होती, विशेष काही नाही. शेवटी मूरच्या सहीचं माफीपत्र निघालं. वॉरंटी तीन वर्षांची झाली, खर्च एक अब्ज डॉलरच्या वर.

दुसरं, एप्रिल २०२०. कोरोनात सामने बंद. क्लबने मैदानाबाहेरच्या सुमारे २०० कर्मचाऱ्यांना सक्तीच्या रजेवर पाठवून त्यांच्या पगाराचा ८० टक्के भाग सरकारकडून घ्यायचं ठरवलं. आदल्या वर्षीचा नफा चार कोटी पौंडांच्या वर! चाहते भडकले. दोनच दिवसांत मूरने पत्र लिहिलं: आमचा निर्णय चुकला, माफ करा. निर्णय मागे.

कोणी म्हणेल, बोंबाबोंब झाली म्हणून माफी मागितली, आणि पैसे काय त्याच्या खिशातले होते? मान्य. तरी पत्राखाली नाव त्याचं होतं. 'तांत्रिक कारणामुळे' असं लिहून सुटता आलं असतं. धंदा बदलला तरी त्याला हे एक काम दोन्हीकडे करावं लागलं. आपल्या सिलॅबसमध्ये मात्र ते नाही. प्रॅक्टिकलचं रीडिंग जमलं नाही तर आपण काय करतो? शेजारच्याचं जर्नल घेतो.

आता माझं. गेल्या सेमिस्टरला सबमिशनच्या आठवड्यात आपल्या विंगचा लॅनचा स्विच जळाला. नऊ दिवस नेट नव्हतं. व्होल्टेजवर बिल फाटलं, आणि वायरमन काकांना सगळ्यांसमोर बोलणी बसली. व्होल्टेज ठीक होतं. फीफाच्या टूर्नामेंटसाठी त्याच एक्स्टेंशन बोर्डवर मी चहाची किटली लावली होती. आम्हा सहा जणांना माहीत होतं. सहाही जण गप्प.

काका, चूक माझी होती. स्विचचे पैसे मी भरतो. सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर अजून मला माहीत नाही, पण हे पत्र सहीसकट ऑफिसात दिलंय.