मिक्सर की वही?

आमच्या घरात सध्या दोन बॅगा उघड्या पडल्यात. प्रत्येकी २३ किलो. धाकटी बहीण जपानला चालली आहे, शाळेत इंग्रजी शिकवायला. गाव ओकायामा प्रांतातलं, छोटं. आईला ओकायामा म्हणजे सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान, एवढंच माहीत (ते तिथल्या कोराकुएन बागेवरून केलंय, तेव्हा आई अगदीच चूक नाही म्हणा).

तर सध्याचा वाद मिक्सरचा. आईचं म्हणणं, चटणीशिवाय पोर जगणार कशी? मी म्हटलं, अगं जपानमध्ये वीज १०० व्होल्टची, आपला मिक्सर २३० चा. नुसता गुरगुरेल, चटणी नाही व्हायची. लॅपटॉप-मोबाईलच्या चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असतं, ते चालतात, फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर हवा. मग कुकर. कुकर अॅल्युमिनियमचा, आणि तिथे इंडक्शनची शेगडी निघाली तर तोही बाद. डाळ-तांदूळ न्यायला त्यांच्या क्वारंटाइनचं प्रमाणपत्र लागतं, ताजे आंबे विसराच. गोडा मसाला जातोय. आईने अर्धा किलो म्हणत एक किलो भरलाय, मी बघून न बघितल्यासारखं केलं.

माझं मत विचाराल तर परदेशी जाताना नियम एकच : जे तिथे विकत मिळत नाही तेच न्यायचं. आपण नेमकं उलटं करतो. टॉवेल सहा, आणि औषधाची चिठ्ठी घरी! हिला थायरॉइडची गोळी रोज लागते. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध जपानमध्ये एक महिन्यापुरतं नेता येतं, जास्त न्यायचं तर निघायच्या आधी अर्ज करून परवानगी काढायची. सर्दीच्या गोळ्यांचंही जपून. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असेल तर ती गोळी तिथे चक्क बेकायदा. आपल्याकडे घराघरात पडलेली एखादी स्ट्रिप पण बघून घ्यावी लागते.

बाकी शाळेत घालायला वेगळे बूट (बाहेरचे आत चालत नाहीत), शिक्षकांच्या खोलीत वाटायला सुटी सुटी पॅक केलेली मिठाई, आणि पहिला पगार होईपर्यंत पुरतील इतके येन. झालं.

पण सगळ्यात जड वस्तू एक कागद आहे. तिथल्या शाळेत शिकवायच्या व्हिसासाठी नियम असा की जी परकी भाषा शिकवणार, त्या भाषेत निदान १२ वर्षं शिक्षण झालेलं हवं. मग शाळा, ज्युनिअर कॉलेज, कॉलेज, सगळीकडून 'माध्यम इंग्रजी' अशी पत्रं गोळा करत हिंडलो. हिंडता हिंडता लक्षात आलं, हा नियम मला लावला तर मी सरळ नापास! थोरला मराठी माध्यमात, धाकटी इंग्रजीत. बाबांचा पगार मधल्या काळात वाढला, एवढंच कारण. आज मी दिवसभर इंग्रजीत कॉल घेतो, डिझाइन डॉक्युमेंटं लिहितो, पण दहा वर्षांच्या मुलाला 'धिस इज अ पेन' शिकवायला कागदोपत्री अपात्र.

राग आला, खोटं कशाला बोलू. नियम मूर्खपणाचा आहे असं माझं मत अजूनही आहे. भाषा येणं आणि भाषा शिकवता येणं यात फरक आहे, आणि हा नियम दोन्हीपैकी काहीच मोजत नाही. तो मोजतो आईवडिलांनी शाळा कुठली निवडली ते.

आता गंमत बघा. जपानमध्ये २०२० पासून इंग्रजी हा रीतसर विषय सुरू होतो पाचवीत. आमचंही पाचवीतच सुरू झालं होतं (आपल्याकडे पहिलीपासून आलं ते २००० साली, आमच्या नंतर). तिथली मुलं म्हणे इंग्रजी शब्दावर काताकानात उच्चार लिहून ठेवतात. माझी पाचवीची वही आईने जपून ठेवलीय, काल माळ्यावरून काढली. प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने देवनागरी! 'नाइफ'ला पहिल्यांदा 'कनाइफ' लिहिलंय, मग खोडलंय, बाईंनी लाल शाईने गोल केलाय.

बहिणीला दाखवली. तिला इंग्रजीची भीती कधी वाटलीच नाही, शिशुवर्गापासून तेच. ती हसली, मग बराच वेळ पानं उलटत बसली. म्हणाली, "दादा, तू 'क' का खोडलास? बाई ओरडल्या होत्या का?"

म्हटलं, ओरडल्या नाहीत, पण वर्ग हसला होता. त्यानंतर वर्षभर मी हात वर केला नाही.

वहीचं वजन केलं, १८० ग्रॅम. बॅग आधीच २३.४ दाखवत होती. मसाल्याची एक पुडी बाहेर काढली आहे, आईला अजून सांगितलेलं नाही.