ओट्यावरच्या गप्पा : हसण्याआधी विचारा

मुलांनो, आज गप्पांना सुरुवात करण्याआधी एक कबुली देते. बाईसुद्धा चुकतात. मी चुकले. कशी, ते ऐका.

गेल्या जूनमध्ये शाळा उघडली आणि आमच्या चौथीच्या वर्गात एक पाहुणी येऊन बसली. तिचे बाबा मूळचे इथलेच, एरंडोलचे. आता ते ओमान देशातल्या मस्कत शहरात एसी दुरुस्तीचं काम करतात. आई, धाकटा भाऊ, सगळे तिकडेच. तिकडच्या भारतीय शाळांना सुट्टी लागते ती जून-जुलैत. म्हणजे आपली शाळा सुरू आणि तिची बंद! आजी म्हणाली, "बाई, घरात नुसती बसून कंटाळते. तुमच्या वर्गात बसली तर चालेल का?" मी म्हटलं, "बसू द्या की!" तिचं नाव काही मी इथं सांगणार नाही. आपण तिला पाहुणीच म्हणू या.

पहिल्याच दिवशी डब्याच्या सुट्टीत घोटाळा झाला. आजीनं डब्यात कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा दिला होता. जे खानदेशाबाहेर राहतात त्यांच्यासाठी सांगते. ज्वारीत सालासकट उडीद मिसळून दळतात, ते कळण्याचं पीठ. भाकरी होते काळपट, पण चव अशी, की विचारू नका! पाहुणीनं भाकरी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "ही करपलीय का?" मग हळूच म्हणाली, "बाई, चमचा मिळेल?"

झालं! वर्गात एकच हशा पिकला. "मस्कतची राणी! भाकर चमच्यानं खाते!" आणि खरं सांगू? मलाही हसू आलं. मी तोंड फिरवून हसले, पण तिनं ते पाहिलं. तिनं डबा बंद केला तो बंदच.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना आजी आली. ओट्यावर टेकली आणि आपल्या अहिराणीत एवढंच म्हणाली, "पोर जेवनी नही, बाई."

मला काय वाटलं असेल, सांगा बरं? मी पाहुणीला जवळ बोलावलं आणि जे कालच विचारायला हवं होतं ते आज विचारलं. "चमचा कशाला हवा होता गं?" तिनं उजवा हात पुढे केला. मधल्या बोटाला पट्टी बांधलेली. गाडीच्या दारात बोट चेंगरलं होतं. ठेचा लागला की झोंबायचं. एवढंच! चाळीस पोरं आणि एक बाई, पण एकालाही "का?" असं विचारावंसं वाटलं नाही.

त्या दिवशी मी ठरवलं, उद्या गणित राहू दे. उद्या गोष्ट सांगायची. खरी गोष्ट. तीच आता तुम्हाला सांगते.

कल्याणच्या जोशांच्या घरातली एक मुलगी होती. माहेरचं नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती आनंदी झाली. नवरा गोपाळराव जोशी, पोस्टात कारकून. त्यांना एकच ध्यास, बायकोनं शिकलं पाहिजे. मुंबईत आनंदी पुस्तकं घेऊन शाळेत जायला निघाली, की रस्त्यातली माणसं तिच्याभोवती जमायची. टिंगल करायची, पोट धरून हसायची. काय तर म्हणे, बाईमाणूस शाळेत चाललं! पाहा, मुलांनो, हसू सोसायला तिला परदेशी जावं लागलं नाही. ते तिला आपल्याच देशात मिळालं.

चौदाव्या वर्षी तिला बाळ झालं आणि ते दहा दिवसांतच गेलं. आपण डॉक्टर व्हायचं, हे तिनं त्यानंतर मनाशी पक्कं केलं. पण हिंदू बाईला डॉक्टर करणार कोण आणि कुठे?

गोपाळरावांनी एका मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं. ते अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आलं. न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे ताटकळत बसल्या होत्या. तिथं ते मासिक त्यांच्या हाती पडलं. हिंदुस्थानातल्या एका मुलीला शिकायचंय, हे वाचून त्यांनी सरळ पत्र लिहिलं. ओळख ना पाळख! पण पत्रांमागून पत्रं सुरू झाली. तुमच्याकडे काय रीत आहे, आमच्याकडे अशी आहे, असं एकमेकींना विचारत, सांगत ओळख वाढली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या. वय अवघं अठरा. गोपाळराव बरोबर नव्हते. तेव्हा समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असं लोक मानत. निघण्याआधी श्रीरामपूरला त्यांनी भाषण केलं आणि सर्वांसमोर सांगितलं, की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. (हे श्रीरामपूर बंगालमधलं बरं का, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं नव्हे!) ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. तिथं कार्पेंटर मावशी त्यांना घ्यायला आल्या होत्या.

आता विचार करा. नवं घर, नवी भाषा, नवं जेवण. घरातली सगळी मांसाहारी आणि आनंदीबाई शाकाहारी. मावशींनी "हे काय नवीनच!" म्हणून नाक मुरडलं नाही. आनंदीबाईंनीही "शी, तुम्ही हे खाता?" असं म्हटलं नाही. त्या आपलं जेवण आपण रांधून घेत आणि त्याच घरात मुलीसारख्या राहत.

मग गाठ पडली थंडीशी. आपल्या नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात. एरंडोलच्या उन्हात ते ठीक, पण बर्फात काय होईल? आनंदीबाईंनी विचार केला आणि पाय झाकणारी गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली. मडमेचा झगा घातला नाही आणि "प्राण गेला तरी नऊवारीच" असा हट्टही धरला नाही. काय बदलायचं, काय ठेवायचं, हे त्यांनी स्वतः ठरवलं.

ऑक्टोबर १८८३ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. तिथं त्यांच्यासारख्याच दूरदेशीच्या आणखी दोघी होत्या. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली. १८८५ सालचा तिघींचा एक फोटो आहे. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात शेजारी शेजारी बसल्या आहेत. मिळाला तर जरूर पाहा.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना डॉक्टरची पदवी मिळाली. तो सोहळा पाहायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. बरोबर त्यांची छोटी मनोरमा, पाच वर्षांचीसुद्धा पुरती नव्हती. रमाबाई पुढे बराच काळ अमेरिकेत राहिल्या. तिथली घरं, शाळा, बायकांच्या संस्था त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिल्या. परत आल्यावर १८८९ साली त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे मराठी पुस्तक लिहिलं. आवडलं ते आवडलं म्हणून लिहिलं. काळ्या माणसांना तिथं कसं वागवतात, तेही लपवलं नाही. आणि आनंदीबाईंच्या पदवीला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी, ११ मार्च १८८९ ला, मुंबईत मुलींसाठी शारदा सदन सुरू केलं.

आनंदीबाईंच्या हाताला मात्र यश आलं नाही. त्या आजारी अवस्थेतच परतल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूक झाली होती, पण काम करणं नशिबात नव्हतं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. बावीसही पूर्ण नव्हती. त्यांच्या अस्थी अमेरिकेला कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या गेल्या. मावशींनी त्या पकिप्सी गावी आपल्या घरच्यांच्या दफनभूमीत ठेवल्या. अजून त्या तिथंच आहेत.

गोष्ट संपली तेव्हा वर्ग चिडीचूप होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा, आदल्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं हसलेला, उठून म्हणाला, "बाई, आम्हीपण मुंबईच्या रस्त्यावरच्या लोकांसारखे वागलो का?" मी म्हटलं, "हो. आणि मीपण." मग सगळ्यांसमोर मी पाहुणीची क्षमा मागितली. बाईंनी क्षमा मागायची असते, हे तिला माहीत नव्हतं. ती लाजून टेबलाखालीच पाहत राहिली.

त्यानंतर आम्ही एक नियम केला. हसू आलं तर येऊ दे, पण आधी विचारायचं. रोज शेवटच्या तासाला पाच प्रश्न. कधी आम्ही पाहुणीला विचारायचे, कधी तिनं आम्हाला.

काय काय कळलं म्हणून सांगू! मस्कतला रविवारी शाळा असते. आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार. तिथलं ऊन आपल्या मे महिन्यालाही भारी. म्हणून जून ते ऑगस्ट भर दुपारी उघड्यावर मजुरांकडून काम करून घ्यायला कायद्यानं बंदी आहे. हे ऐकून एक मुलगी म्हणाली, "माझ्या आईला शेतात अशी सुट्टी मिळाली तर?" यावर आम्ही सगळेच थोडा वेळ गप्प बसलो.

तिथले लोक भात मोठ्या थाळ्यात घेऊन चक्क हातानं खातात, उजव्या हातानं! चमच्यावरून हसणारे पुन्हा गप्प. पाहुण्याला खजूर आणि वेलची घातलेला काहवा देतात, बिनकानाच्या इवल्याशा कपात. कप रिकामा झाला की यजमान पुन्हा भरतो. नको असेल तर तोंडानं नाही म्हणायचं, कप हातात धरून हलकेच हलवायचा. आपण ताटावर हात आडवा धरतो ना, तसंच! मग काय, आठवडाभर आमची पोरं पाण्याच्या बाटलीची झाकणं हलवत होती.

सगळ्यात धमाल आली ती शब्दांची. पाहुणीला शाळेत थोडी अरबी शिकवतात. तिनं फळ्यावर शब्द लिहिले आणि पोरं ओरडली, "हे तर आपलेच!" हिशेब, तारीख, दुकान, वकील, कलम, मैदान. आपली खुर्ची तिकडे कुर्सी. हे शब्द मूळचे अरबी. बरेचसे फारसीच्या वाटेनं शेकडो वर्षांपूर्वी आपल्याकडे आले आणि घरचेच झाले. तुम्हाला ठाऊक आहे का, मस्कतमध्ये एकेकाळी आपला रुपयासुद्धा चालायचा! १९५९ साली रिझर्व्ह बँकेनं आखाती देशांसाठी रुपयाच्या वेगळ्या नोटा काढल्या होत्या. ओमानमध्ये त्या १९७० पर्यंत चालल्या.

आणि तिचे प्रश्न? ते तर आमची परीक्षाच! शनिवारी ती आजीबरोबर पद्मालयाला जाऊन आली आणि म्हणाली, "तिथं एकाच देवळात दोन गणपती का? एकाची सोंड डावीकडे, एकाची उजवीकडे असं का?" आमच्यातल्या प्रत्येकानं ते देऊळ दहादा पाहिलेलं. तळ्यातली कमळं पाहिलेली. पण "दोन का?" हे कुणीच कधी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. पोरं आजी-आजोबांकडे, पुजाऱ्यांकडे धावली आणि सात-आठ वेगवेगळी उत्तरं घेऊन आली! मला वाटतं, बाहेरचं माणूस आपल्याकडे येतं तेव्हा ते आपल्याला हीच भेट देतं. रोजचं घर पुन्हा एकदा नव्यानं दाखवतं.

जुलैअखेर पाहुणी परत गेली. बोट बरं झालं होतं. कळण्याची भाकरी ती आता हातानं तोडत होती. ठेचा मात्र अजून अगदी बोटाच्या टोकावर! जाताना आजीनं बिबडे बांधून दिले आणि पोरांनी एक वही दिली. वहीत फक्त प्रश्न. "मस्कतला चिमण्या आहेत का?" "तुला तिथं कुणी हसतं का?" दुसरा प्रश्न कुणी लिहिला, ते मला माहीत आहे. मागच्या बाकावरच्यानं.

दिवाळीनंतर वर्गात आणखी एक नवा मुलगा आला. हा काही विमानानं आला नाही. सातपुड्यातल्या पाड्यावरून आई-बापांबरोबर कामासाठी आलेला. घरी पावरी बोलतो. पहिल्या दिवशी वाचताना तो अडखळला आणि दोघं-तिघं फिसकन हसले. मी काही बोलणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "ए, हसू नका रे. तुझ्या भाषेत याला काय म्हणतात?"

त्या मुलानं सांगितलं. मी तो शब्द फळ्यावर लिहिला.

तर मित्रांनो, आता तुमची पाळी. तुमच्या वर्गात, गल्लीत, वाड्यात कुणीतरी दुसऱ्या गावाहून, दुसऱ्या मुलखातून आलेलं असेलच. शोधा. पाच प्रश्न विचारा. तुम्हाला विचारलेल्या पाच प्रश्नांची उत्तरं द्या. उत्तर येत नसेल तर घरी मोठ्यांना विचारा. मिळालेला सगळ्यात गमतीदार शब्द किंवा रीत एका कागदावर लिहून मला पाठवा. निवडक पत्रं आपण याच पानावर छापू.

आणि हो, कुणी डब्याला चमचा मागितला, तर आधी त्याचं बोट पाहा बरं का!

तुमच्याच,
बाई