लाल मण्याची गोष्ट

दोस्तांनो, घरात नवा मिक्सर आला की खोक्यात एक पुस्तिका असते ना? बाबा ती न वाचताच कपाटात टाकतात, आणि मिक्सर बंद पडला की शोधत बसतात! ती पुस्तिका लिहिणाऱ्याला टेक्निकल रायटर म्हणतात. कोणती माहिती आधी द्यायची, कोणती नंतर, कोणती नुसत्या चित्रात, हे ठरवणारा तो इन्फर्मेशन आर्किटेक्ट. दोघांचाही पहिला प्रश्न एकच : वाचणार कोण?

देगलूरच्या बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, सगळ्याच भाषा कानावर पडतात. त्यामुळे हा प्रश्न आपल्याला नवा नाही. पण ज्याला कुठलीच भाषा वाचता येत नाही, त्याच्यासाठी काय लिहायचं?

उत्तर सापडलं ते गडचिरोली जिल्ह्यात. आपल्यासारखाच तोही तेलंगणाला लागून आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. खेड्यापाड्यांत न्यूमोनियाने तान्ही मुलं दगावत होती. फुफ्फुसांच्या या आजारात श्वास फार भरभर चालतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, आणि दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, म्हणजे धोका! पण गावात डॉक्टर नाही, मग मोजणार कोण? गावातल्या दाया. त्यांतल्या कितीतरी जणींना तर १२ च्या पुढे मोजता येत नव्हतं.

आधी अंक शिका, असं म्हणत बसलं तर आजारी बाळ थोडंच थांबणार होतं? मग त्यांनी एक साधं यंत्र केलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. सहावा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजून लगेच उपचार! थोड्या मोठ्या मुलांसाठी मण्यांची दुसरी ओळ. डॉक्टरांच्या पुस्तकातला अख्खा तक्ता दोन तारांवर मावला. मला विचाराल तर टेक्निकल रायटिंगचं याहून सुंदर उदाहरण नाही, आणि त्यात अक्षर एकही नाही!

आता तुमची पाळी. लिंबू सरबताची कृती कागदावर लिहा आणि ताईला म्हणा, “लिहिलंय तेवढंच कर हं!” ‘कापा’ लिहायचं राहिलं, तर बिचारी अख्खं लिंबूच पिळत बसेल.