सायन्स किट नको, नुसतं चुंबक द्या!

हल्ली पोरांच्या वाढदिवसाला 'सायन्स किट' द्यायचं फॅड आलंय. चकचकीत खोकं, आत एक लाल-निळा चुंबक, एक खिळा, दोन पेपरक्लिपा, एक लाकडाचा तुकडा आणि एक प्लॅस्टिकचं बटण. सोबत पुस्तिका, तिच्यात उत्तरं आधीच छापलेली. खिळा चिकटतो, बटण चिकटत नाही. झालं सायन्स! पोरगं वीस मिनिटांत 'डन' म्हणून टॅब घेऊन बसतं आणि आई-बाप पैसे सत्कारणी लागले म्हणून खूश.

माझं म्हणणं सरळ आहे. हे सायन्स नाही, हा डेमो आहे. डेमो म्हणजे काय ते आपल्या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. जे चालतं तेवढंच क्लायंटला दाखवायचं, बाकीच्या बटणांना हात लावायचा नाही! किटवाल्याने वस्तूच अशा निवडलेल्या असतात की पोराचा अंदाज चुकू नये. आणि अंदाज चुकलाच नाही तर पोर शिकणार काय, कपाळ?

त्यापेक्षा बंद पडलेल्या स्पीकरमधलं चुंबक काढा, पोराच्या हातात द्या आणि म्हणा, फिर घरभर. अट एकच. चुंबक लावायच्या आधी कागदावर लिहायचं, चिकटेल की नाही.

मग बघा मजा. 'चुंबक धातूला ओढतो' असं बऱ्याच पोरांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पितळेचा तांब्या? नाही. तांब्याचं ताम्हन? नाही. ॲल्युमिनियमचं पातेलं, आईच्या सोन्याच्या बांगड्या? छे! रोजच्या वस्तूंत चिकटतं ते बहुतेक लोखंड आणि त्याची भावंडं. निकेल आणि कोबाल्टही चिकटतात, पण ते घरात सुटे कुठे सापडणार?

खरी गंमत भांड्यांच्या मांडणीवर आहे. एक स्टीलचा डबा चुंबक घट्ट धरतो, शेजारची वाटी ढिम्म. दोन्ही स्टीलच! कारण स्टीलमध्ये पुरेसं निकेल मिसळलं की अणूंची मांडणी बदलते आणि लोखंड असूनही चुंबक जवळजवळ चिकटत नाही. म्हणून काही लोक 'चिकटत नाही म्हणजे अस्सल माल' असं ठासून सांगतात. तेही अर्धवटच. निकेल कमी करून मँगनीज घातलेलं स्वस्त स्टीलसुद्धा चिकटत नाही. इंडक्शनच्या शेगडीवर कुठलं पातेलं चालेल ते मात्र हेच चुंबक सांगतं. चिकटलं तर चालेल.

आता एक रुपयाची नाणी काढा. १९९२ पासूनची स्टीलची चिकटतात. त्याआधीचं एखादं तांबं-निकेलचं नाणं आजीच्या डब्यात सापडलं तर ते चिकटणार नाही. त्यात पाव हिस्सा निकेल असूनही! असा प्रश्न कुठल्या पुस्तिकेत असतो सांगा.

रबरबँडचंही तेच. दोऱ्याचं रिकामं रीळ घ्या. भोकातून रबर ओवा, एका टोकाला काडीचा तुकडा अडकवून चिकटपट्टी लावा. दुसऱ्या टोकाला भोक पाडलेली मेणबत्तीची चकती आणि तिच्याबाहेर रबरात अडकवलेली लांब काडी. काडीला पीळ देऊन रीळ जमिनीवर ठेवा, रणगाड्यासारखं चालायला लागेल. म्हणजे, लागायला पाहिजे! बहुतेक वेळा पहिल्यांदा चालत नाही. काडी आखूड असली तर नुसती गरगर फिरते, चकती नसली तर काडी रिळाला घासून अडकते, फरशी गुळगुळीत असली तर रीळ जागच्या जागी घसरतं. पोर एकेक गोष्ट बदलून बघतं. याला आपण हापिसात डिबगिंग म्हणतो आणि त्याचा पगार घेतो!

मोठ्यांसाठीही एक आहे. जाड रबरबँड झटकन ताणून ओठांना लावा, कोमट लागतो. ताणलेलाच जरा वेळ धरा, मग सैल सोडून परत लावा, गार लागतो. ताणलेल्या रबराला वजन टांगून हेअर ड्रायरने गरम केलं तर ते लांब व्हायच्या ऐवजी आखडतं आणि वजन वर उचलतं. इंग्लंडमधल्या जॉन गॉफने हे १८०५ मध्ये छापलं, ओठांना लावून बघायच्या युक्तीसकट. लहानपणी देवीच्या आजारात त्याची दृष्टी गेली होती. त्याला कोणी किट दिलं होतं?

'आम्हाला वेळ कुठे आहे?' असं म्हणणारे भेटतातच. अहो, स्पीकर खोलायला दहा मिनिटं लागतात. आणि कल्पना हव्या असतील तर अरविंद गुप्तांची पुस्तकं आणि फिल्म्स चकटफू आहेत. आयआयटी कानपूरचा हा इंजिनियर पुण्यात टेल्कोत होता. आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब एवढ्यावर त्यांनी पोरांना भूमिती शिकवली. पुढे पुण्यातच आयुकात कचऱ्यातून खेळणी करत राहिले, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

'किट सेफ असतं' हा मुद्दा मात्र मी मानतो. छोटे, जबर ताकदीचे निओडिमियम चुंबक लहान पोरांच्या हातात अजिबात देऊ नका. दोन गिळले तर आतड्याला आतून चिमटा बसतो आणि जिवावर बेततं. म्हणूनच स्पीकरमधलं मोठं, काळं, कडीसारखं चुंबक म्हटलं.

मला खरी काळजी वेगळीच आहे. एरर आली की स्वतः काही बदलून न बघता तयार उत्तर शोधत बसणारे फ्रेशर्स आपण सगळेच बघतो. 'चिकटलं नाही' हेही एक उत्तर असतं, हे त्यांना लहानपणी कोणी कळूच दिलं नाही. तीच सवय आपण आता पैसे मोजून घरी आणतोय.

असो. या विकांताला मॉलमध्ये जाण्याऐवजी माळ्यावरचा जुना स्पीकर खाली काढा. आणि पोराचा अंदाज चुकला की पुढचं उत्तर लगेच सांगून टाकू नका राव!