एमडनची तोफ

ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या हाइड पार्कमध्ये १९१७ पासून साडेदहा सेंटिमीटर व्यासाची एक जर्मन तोफ उभी आहे. ९ नोव्हेंबर १९१४ रोजी कोकोस बेटांजवळ 'सिडनी' या युद्धनौकेने 'एमडन' हे जहाज निकामी केले, त्यावरची ही तोफ. त्या झुंजीत सव्वाशेहून अधिक जर्मन खलाशी कामी आले; 'सिडनी'चे चार.

या तोफेशी आपलाही संबंध आहे. त्याच वर्षी २२ सप्टेंबरच्या रात्री एमडनने मद्रासवर सव्वाशेच्या आसपास गोळे डागले, बर्मा ऑइल कंपनीच्या टाक्या पेटवून दिल्या आणि काळोखात ते दिसेनासे झाले. हजारो नागरिकांनी शहर सोडले. ब्रिटिश आरमार असताना समुद्राकडून भय नाही, या श्रद्धेला त्या रात्री तडा गेला. तमिळ भाषेत धाडसी, बिलंदर माणसाला 'एमडन' म्हणू लागले ते तेव्हापासून! ज्या जहाजाने गोळे डागले त्याचेच नाव कौतुकाचे व्हावे, यातच पारतंत्र्यातील लोकमानस दिसते. मात्र प्राणास मुकलेले निरपराधच होते, हेही विसरता कामा नये.

जिंकलेली तोफ उद्यानात मांडण्याच्या या प्रथेला नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला नाही. १७३९ मध्ये वसई सर केल्यावर मराठ्यांनी आणलेल्या पोर्तुगीज घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आणि मेणवलीला आजही आहेत. प्रश्न एवढाच की, अशा वस्तूशेजारी काय लिहावे?

गोमंतकात तो प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी मुरगाव बंदरात 'आफोंसो द आल्बुकर्क' हे पोर्तुगीज जहाज 'बेतवा' आणि 'बियास' यांच्याशी झुंजले, जायबंदी होऊन किनाऱ्याला रुतले आणि पुढे भंगारात विकले गेले. विजयी व्हा अथवा मरा, अशी सालाझारची आज्ञा होती. जहाजाने आपल्यापरीने ती पाळली. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी ती मोडून दुसऱ्याच दिवशी शरणागती पत्करली आणि गोव्यातील रक्तपात टळला. लिस्बनने त्यांना पुढे बडतर्फ केले. सालाझारशाहीशी आम्ही हयातभर वैर केले. तरीही बांबोळीच्या किनाऱ्यावर एक फलक असावा आणि त्यावर बेतवा-बियासच्या नौसैनिकांबरोबरच आल्बुकर्कवरील मृतांचा व या अवज्ञेचाही उल्लेख असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.